एम-थ्री, तिथीची पाऊणपट आणि कॉम्प्युटरला लागणारं गणित

बारावीचा निकाल लागला की लोणेऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत एक प्रश्न हमखास कानावर येतो. रत्नागिरीत तो "गणित कच्चं आहे हो, कॉम्प्युटरला घातलं तर झेपेल का?" असा येतो, कुडाळ-मालवणात "चेडवाक गणित जमणा नाय, कॉम्प्युटराक घातला तर चालात मा?" असा. मी कॉम्प्युटरच्याच मुलांना शिकवतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, गणपतीत आरती संपल्या संपल्या, कुठेही कोणीतरी गाठून हे विचारतं. विचारणाऱ्याला हो की नाही एवढंच हवं असतं आणि माझं उत्तर लांबतं, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी 'कच्चं' म्हणजे काय ते पाहू. बहुतेकदा त्याचा अर्थ असतो, सीईटीला कमी पडले. सीईटीचा गणिताचा पेपर म्हणजे ९० मिनिटांत ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. सूत्र आठवणं, चिन्ह न चुकवणं आणि हात भरभर चालणं, याची ती परीक्षा आहे. ही तिन्ही कामं कॉम्प्युटर कुणाही माणसापेक्षा बरी करतो. त्याला जे येत नाही ते वेगळंच: मुळात हिशोब कशाचा करायचा, केलेला हिशोब दर वेळी बरोबर येईल कशावरून, आणि तो आपल्या हयातीत संपेल का. कॉम्प्युटर सायन्सचं गणित या तीन प्रश्नांभोवती फिरतं. सीईटीत घसरलेली काही मुलं त्यात रमतात आणि घसघशीत पर्सेंटाइलवाली काही अडून बसतात, हे मी वर्गात बघत आलोय.

पाऊणच का?

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही भरत्या त्याच आकड्यावर. मधे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. जुन्या माणसांना हे पाठ असतं. हल्ली जलदुर्ग बघायला जाणारे ट्रेकरही याच हिशोबाने निघतात.

ही रीत म्हणजे चक्क एक प्रोग्रॅम आहे. तिथी आत घ्यायची, पाऊणने गुणायची, वेळ बाहेर द्यायची. कोडिंग म्हणाल तर एका ओळीत काम संपलं. गणित मात्र इथून सुरू होतं, कारण आता विचारायला हवं की पाऊणच का?

भरती चंद्रामागून चालते. अमावास्येला चंद्र आणि सूर्य आकाशात एका बाजूला असतात, पौर्णिमेला समोरासमोर. या पंधरा तिथींत चंद्र सूर्याच्या मानाने अर्धी फेरी मागे पडतो, म्हणून भरतीची वेळही अर्धा दिवस, म्हणजे बारा तास, पुढे सरकते आणि घड्याळात पुन्हा अमावास्येच्याच जागी येते. बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले १५ तिथी, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपट मात्र ४५च धरते. दर तिथीला तीन मिनिटांची तूट. पंचमीपर्यंत ती पाव तास झाली, एकादशीपर्यंत अर्ध्या तासावर गेली, पौर्णिमेला पाऊण तास. सूत्र पौर्णिमेला सव्वाअकरा सांगतं आणि पुढच्या वद्य प्रतिपदेला, पुन्हा एकपासून मोजायचं म्हणून, पाऊण वाजता. एका तिथीत दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. पंधरवडाभर साठलेली चूक सूत्राने एकदम फेडली, एवढंच.

पाऊणऐवजी चार-पंचमांशाने गुणलं असतं तर हिशोब चोख बसला असता. मग तसं का केलं नाही? माझा अंदाज असा की पाऊणकी पूर्वी शाळेत पाठ करून घेत, चार-पंचमांशाचा पाढा कुणाला येत नव्हता. शिवाय खरी भरती ठिकाणागणिक, वाऱ्यागणिक थोडी मागेपुढे होतेच. होडी सुटायच्या आधी अर्धा तास धक्क्यावर येऊन बसणाऱ्याला पाऊणपट पुरते. बंदरात मोठं जहाज आत घेणाऱ्याला ती पुरत नाही. तो सर्व्हे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं उघडतो.

एवढ्याशा गोष्टीत सरळ रेषेचं सूत्र आलं, तिचा उतार आला, बारा उलटले की पुन्हा शून्यापासून मोजायचं घड्याळी अंकगणित आलं, साठत जाणारी चूक आली आणि किती चूक परवडते हा निर्णयही आला. यातलं काहीच नववीच्या पलीकडचं नाही. नववीत फक्त कोणी "पाऊणच का" असं विचारायला लावत नाही.

तेरा वर्षं की चार मिनिटं

समजा मतदारयादीत एकच नाव दोनदा आलंय का ते शोधायचं आहे. पहिल्या वर्षाचा मुलगा सहज सुचेल ते करतो: प्रत्येक नाव बाकीच्या प्रत्येक नावाशी ताडून बघायचं. दहा हजार नावांच्या यादीवर साधारण पाच कोटी जोड्या होतात. लॅपटॉप सेकंदाला एक कोटी जोड्या तपासतो असं धरलं तर पाच सेकंदांत काम फत्ते. सरांना दाखवलं, सर खूश.

आता तोच प्रोग्रॅम अख्ख्या महाराष्ट्राच्या यादीवर चालवा. मतदार नऊ कोटींच्या वर आहेत. जोड्या होतात चारावर पंधरा शून्यं इतक्या. त्याच वेगाने चाळीस कोटी सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षं. दहापट वेगवान मशीन घेतलं तर सव्वा वर्ष. तोवर निवडणूक होऊन जाईल.

त्याऐवजी यादी आधी बाराखडीच्या क्रमाने लावून घेतली तर सारखी नावं आपोआप शेजारी येतात आणि फक्त शेजारी-शेजारी बघायचं उरतं. चांगल्या पद्धतीने क्रम लावायला नऊ कोटी गुणिले साधारण २७ इतक्या तुलना लागतात, म्हणजे सुमारे २४० कोटी. त्याच लॅपटॉपवर चार मिनिटं.

हे २७ आले कुठून? नऊ कोटी वस्तू अर्ध्या करा, पुन्हा अर्ध्या करा, असं साधारण २७ वेळा केलं की एक उरते. यालाच दोनच्या पायाचा लॉगॅरिदम म्हणतात. अकरावीत लॉगच्या कोष्टकाला कंटाळलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना कोणी सांगितलेलं असतं की लॉग म्हणजे 'किती वेळा अर्धं केलं की एक उरतो' एवढंच आहे. मला विचाराल तर सगळ्या कॉम्प्युटर सायन्समध्ये हा एक विचार नीट मुरला तरी निम्मं काम झालं. डेटा वाढला की काम किती पटीने वाढेल, हे कोड चालवण्याआधी कागदावर सांगता येणं म्हणजे अल्गोरिदमचा पेपर. कॅम्पस मुलाखतीत फळ्यावर हेच विचारतात.

फेरीबोटीचं वजन

दाभोळ दापोली तालुक्यात, धोपावे गुहागर तालुक्यात. मधे वाशिष्ठीचं मुख. फेरीबोटीने काही मिनिटांचं काम. रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूणला वळसा, शंभराहून जास्त किलोमीटर. असंच वेसवी-बागमांडला, असंच तवसाळ-जयगड. नकाशावरची गावं म्हणजे ठिपके, रस्ते आणि फेऱ्या म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, प्रत्येक रेषेवर एक आकडा. या चित्राला गणितात आलेख म्हणतात, पण आपण शाळेत एक्स-वाय अक्षांवर काढतो तो नव्हे. या शास्त्राचा उगम लिओनार्ड ऑयलरने १७३६ साली सोडवलेल्या कोनिग्सबर्गच्या सात पुलांच्या कोड्यात आहे. सगळ्यात जवळचा मार्ग काढायची पद्धत एड्स्गर डाइक्स्ट्राला १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत सुचली. छापून आली १९५९ मध्ये.

आज ती पद्धत कुठल्याही भाषेच्या लायब्ररीत तयार मिळते. मग शिकायचं काय? फेरीच्या रेषेवर कोणता आकडा लिहायचा, ते. किलोमीटर लिहिलेत तर प्रोग्रॅम मध्यरात्रीही फेरीनेच पाठवणार, तेव्हा फेरी असो वा नसो. मिनिटं लिहिलीत तर धक्क्यावर थांबायचा वेळ धरायला हवा, आणि तो सकाळी वेगळा, मे महिन्यातल्या रविवारी वेगळा. शेवटची फेरी सुटली की ती रेषाच पुसली जाते. पद्धत पाठ असूनही इथे अडणारी मुलं पुष्कळ, कारण परीक्षेत आकडे तयार देतात आणि डाइक्स्ट्राची पायरी-पायरीने सारणी भरायला सांगतात.

फेरीवरूनच तर्कशास्त्राचंही होऊन जाऊ दे. "वारा कमी असेल आणि धक्क्याला पाणी पुरेसं असेल तर फेरी सुटते." मग फेरी कधी सुटत नाही? वर्गात विचारलं की हमखास उत्तर येतं: वारा जास्त आणि पाणी कमी असेल तेव्हा. नाही. वारा जास्त *किंवा* पाणी कमी, दोन्हींतलं एक पुरे. 'आणि'ला नकार दिला की 'किंवा' होतो, हा ऑगस्टस डी मॉर्गनचा नियम. हा माणूस १८०६ साली आपल्याच देशात, मदुराईत जन्मला. प्रोग्रॅममधल्या इफच्या अटी जिथे चुकतात तिथे बऱ्याचदा हाच नियम मोडलेला सापडतो.

डहाणूचे कापरेकर आणि 'सिद्ध करा'

'सिद्ध करा' हे दोन शब्द दिसले की पान उलटायचं, ही दहावीपासूनची सवय. इथे ती नडते. कारण चार इनपुट देऊन बघितले, बरोबर आलं, म्हणून प्रोग्रॅम बरोबर, असं होत नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुढे देवळालीला शाळामास्तर होते. त्यांनी दाखवलेली एक गंमत जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेऊ: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४च. कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता.

हे खरं कशावरून? दहा संख्या करून बघितल्या, हे उत्तर नाही. पण पुढची शून्यं धरून चार अंकी संख्या दहाच हजार; सारख्या अंकांच्या दहा वगळल्या की ९,९९०. सगळ्याच्या सगळ्या प्रोग्रॅमने तपासता येतात, आणि एकही सुटली नाही तर ती पक्की सिद्धता झाली. मी दुसऱ्या वर्षाला हा प्रोग्रॅम पहिल्याच प्रॅक्टिकलला देतो, आणि मग पाच अंकांवर चालवायला सांगतो. तिथे एक संख्या येतच नाही, प्रोग्रॅम काही ठरावीक संख्यांच्या फेऱ्यात गोल फिरत बसतो, आणि थांबायची अट नीट न लिहिणाऱ्यांचे लॅपटॉप तापायला लागतात.

आता उलट बाजू. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं गोल्डबाखने १७४२ साली सुचवलं. कॉम्प्युटरने चारावर अठरा शून्यं इतक्या मोठ्या संख्यांपर्यंत तपासून झालंय, एकही अपवाद नाही. तरीही ते सिद्ध झालेलं नाही, कारण संख्या संपत नाहीत. तपासणी कुठे पुरते आणि सिद्धता कुठे लागते, हा फरक कळण्यासाठी विगमन, म्हणजे इंडक्शन, शिकायचं असतं.

आणि कागदावरची सिद्धता मशीनमध्येही तपासावी लागते. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघत शोधायची बायनरी सर्च ही पद्धत पहिल्या वर्षाला शिकवतात. मधली जागा काढायला डावं टोक अधिक उजवं टोक भागिले दोन. जावाच्या अधिकृत लायब्ररीतही हेच होतं, आणि ते चूक होतं. तिथल्या साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. यादी फार मोठी झाली की बेरीज या मर्यादेवर जाते आणि ऋण होऊन बाहेर येते. ही चूक सुमारे नऊ वर्षं तिथे बसून होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉकने, ज्याने तो कोड लिहिला होता त्यानेच, ती जाहीर केली. पुन्हा तेच घड्याळी अंकगणित, फक्त बाराच्या जागी दोनाचा बत्तिसावा घात.

साका ओळखणारं मशीन

संभाव्यता हा भाग मुलं सगळ्यात हलक्याने घेतात. नाणी, फासे, पत्ते, दहा मार्क, सुटलो. प्रत्यक्षात डेटा सायन्स किंवा एआयच्या नावाने जे काही चाललंय त्याचा हा पाया आहे, आणि इथेच भल्याभल्यांची बुद्धी फसते.

हापूसमधला साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. समजा कोणी मशीन आणलं: फळ न कापता साका ओळखतं, "अचूकता ९० टक्के". म्हणजे साक्याची १०० फळं दिली तर ९० पकडतं आणि चांगली १०० दिली तर ९० ना चांगलं म्हणतं. घ्यावं का?

बागेत शंभरात पाच फळांना साका आहे असं धरू. हजार फळं मशीनवर टाकली. त्यांत साक्याची ५०. मशीनने ४५ पकडली, ५ सुटली. चांगली ९५०, त्यांतल्या दहा टक्क्यांना, म्हणजे ९५ फळांना, मशीनने उगाच साका ठरवलं. 'साका' म्हणून बाजूला पडलेल्या ढिगात एकूण १४० फळं, आणि खरोखर खराब त्यांतली ४५. मशीन एखाद्या फळाला साका म्हणालं तर ते खरं असण्याची शक्यता ३२ टक्के. बागायतदाराने तो ढीग फेकला तर दर तीन फळांत दोन चांगली फेकली.

आता माझा प्रोग्रॅम बघा. तो फळाकडे बघतही नाही, प्रत्येक वेळी 'चांगलं' एवढंच छापतो. हजारात ९५० वेळा बरोबर. अचूकता ९५ टक्के! मशीनपेक्षा पाच टक्के जास्त, आणि उपयोग शून्य.

अंतिम वर्षाच्या, पानांवरचा रोग ओळखणाऱ्या प्रोजेक्टच्या अहवालात "आमच्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी ९६ टक्के" असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. मी फक्त एक विचारतो: डेटात रोगट पानं किती होती? चार टक्के असं उत्तर आलं की पुढची चर्चा खुंटते. यामागे बेझचं प्रमेय आहे, पण प्रमेयाचं सूत्र पाठ नसलं तरी चालेल. हजार फळं कागदावर मांडून वाटता आली म्हणजे झालं.

चुकीची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते, हेही यातच येतं. निर्यातीच्या पेटीत साका गेला तर गिऱ्हाईक तुटतं. चांगलं फळ बाजूला पडलं तर ते पल्पला जातं. यातलं कशाला किती जपायचं हे मशीन ठरवत नाही.

मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि बदनाम एम-थ्री

त्या मशीनच्या आत काय असतं? फळाचा हजार बाय हजार ठिपक्यांचा फोटो म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरून तीस लाख आकडे. न्यूरल नेटवर्क या आकड्यांना वजनांच्या मोठमोठ्या सारण्यांनी थरावर थर गुणत जातं. मॅट्रिक्सचा गुणाकार तो हाच, बारावीत दोन बाय दोनचा केला होता तोच. उत्तर चुकलं की प्रत्येक वजन किंचित हलवलं तर चूक वाढते की घटते ते बघायचं आणि घटेल त्या बाजूला सरकवायचं. 'किंचित हलवलं तर किती फरक' हाच डेरिव्हेटिव्ह. अशी वजनं थराथराने मागे जात सुधारण्याची पद्धत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखाने सर्वदूर गेली. त्यांतल्या हिंटनला २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हाताने अवघड इंटिग्रेशन करता येणं इथे लागत नाही. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे मात्र हाडात भिनलेलं लागतं.

आता एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा गणिताचा तिसरा पेपर. लाप्लास, फूरिए, झालंच तर कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. हॉस्टेलवर 'किती राहिले?' असं विचारलं की 'एम-थ्री' हेच उत्तर. कॉम्प्युटरवाल्याला हे लागतं का? एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात १०० पैकी १३ गुण अभियांत्रिकी गणिताचे असतात, आणि त्याच्या अभ्यासक्रमात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (तर्क, संच, आलेख असं सुट्या गोष्टींचं गणित), मॅट्रिक्स, कॅल्क्युलस आणि संभाव्यता आहे. लाप्लास नाही, फूरिएही नाही. एवढ्यावरून काय ते समजा.

पण फूरिएची बाजू घेतल्याशिवाय मला राहवत नाही. समुद्राची भरती ही मुळात अनेक लाटांची बेरीज आहे. चंद्राची मुख्य लाट १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची. दोघी एकदम शिगेला पोचल्या की उधाण, एक वर असताना दुसरी खाली की भांग, म्हणजे सगळ्यात कमी जोराची भरती. किती दिवसांनी त्या पुन्हा जुळतात? १२ गुणिले १२.४२, भागिले त्यांच्यातला फरक ०.४२: सुमारे ३५५ तास, म्हणजे पावणेपंधरा दिवस. अमावास्या ते पौर्णिमा! भरतीची कोष्टकं अशाच लाटा मिळवून बनतात. लॉर्ड केल्व्हिनने त्यासाठी १८७२ मध्ये कप्प्या आणि दोऱ्यांचं यंत्र केलं होतं. आणि जी युक्ती समुद्राला तीच फोटोला. जेपीईजीमध्ये फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून प्रत्येकाच्या कोसाइन लाटा काढतात आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या लाटा टाकून देतात. त्यामागचं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांतले नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे. तेव्हा आवाज, चित्र, सिग्नल यांत जाणार असाल तर फूरिए लागेल. लाप्लास कंट्रोल सिस्टिमवाल्यांसाठी ठेवा, पास व्हा आणि पुढे चला.

कोणाला किती

दुकानाची वेबसाइट, बिलिंग, बुकिंगचं अ‍ॅप, सरकारी पोर्टल: नोकऱ्यांचा मोठा भाग इथे आहे आणि रोजचं गणित टक्केवारी, अटी आणि 'डेटा दहापट झाला तर काय' यापलीकडे क्वचित जातं. एक खबरदारी सांगतो. बऱ्याच भाषांत ०.१ अधिक ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण एक-दशांश ही संख्या दोनच्या पायात संपत नाही. पैशांचा हिशोब म्हणून पूर्ण पैशांत ठेवायचा.

डेटा आणि एआयकडे जायचं तर संभाव्यता आणि मॅट्रिक्स यांना पर्याय नाही. गेम आणि ग्राफिक्सला भूमिती आणि मॅट्रिक्स. सायबर सुरक्षेत खोलवर जायचं तर मूळ संख्या आणि भागाकारात उरणाऱ्या बाकीचं, म्हणजे तेच घड्याळी, अंकगणित: दोन प्रचंड मूळ संख्या गुणणं सोपं, गुणाकारावरून त्या शोधणं महाकठीण, यावर संदेश गुप्त ठेवायची १९७७ ची आरएसए पद्धत उभी आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने सांगणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. त्यांतले कयाल आणि सक्सेना नुकतेच बीटेक झालेले होते. संशोधनात जाणाऱ्याने मात्र मोजूच नये, मिळेल तेवढं गणित घ्यावं.

आपल्याकडे बरीच मुलं दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला येतात, आणि केटीचा, म्हणजे विषय राहण्याचा, फटका सगळ्यात जास्त त्यांनाच बसतो. डिग्रीचं एम-वन, एम-टू केलेलं नसतं आणि आल्या आल्या एम-थ्री आणि डिस्क्रीट दोन्ही समोर. प्रवेश होऊन वर्ग सुरू व्हायच्या मधल्या दिवसांत त्यांनी दोन वेगळे गठ्ठे करावेत. एम-थ्रीसाठी आंशिक अपूर्णांक आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स, बाकी काही नाही. लाप्लास आणि फूरिएतली बहुतेक गणितं याच दोन ठिकाणी अडतात. डिस्क्रीटसाठी बोर्डाची पुस्तकं: अकरावीतली क्रमपरिवर्तन-संयोग, विगमन, संच आणि संबंध ही प्रकरणं, आणि बारावीच्या पहिल्या भागातलं अगदी पहिलं, तर्कशास्त्राचं. सोपं म्हणून क्लासवाले ते घाईत उरकतात, पण फेरीबोटीचा 'आणि-किंवा' तिथेच आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, उत्तरंही मागे दिलेली असतात. एम-थ्री राहिला तर पुढच्या सत्रात काढा; डिस्क्रीट मात्र नुसतं काढून भागत नाही, कारण पुढे अल्गोरिदम, डेटाबेस आणि ऑटोमाटा हे तिन्ही विषय ते येतंय असं धरूनच शिकवतात.